मोटारीचें सरपण

मुंबईच्या नळाला येणारें पाणी कोठून येतें, असें एखाद्या जुन्या मुंबईकरास विचारलें तर तो आजही पुष्कळदां ‘तानसाचें’ असेंच उत्तर देईल. शहापूर तालुक्यांत तानसा नदीवर बांधलेलें तें लांबलचक दगडी धरण १८९२ सालीं पुरें झालें आणि त्याचें पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईस जाऊं लागलें. पुढें त्याच मुलखांत वैतरणेवर व भातसेवरही धरणें झालीं. तरी लोकांच्या तोंडीं नांव राहिलें तें तानसाचेंच. परंतु शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांनीं शहराला जें दिलें त्याची यादी पाण्यापाशीं संपत नाहीं. इमारतीचें लांकूड, बांबू, गवत, चुलीचें जळण आणि लांकडी कोळसा हा सारा माल सह्याद्रीच्या पायथ्याच्या या रानांतून कधीं बैलगाडीनें, कधीं खाडीच्या वाटेनें, आणि १८६१ सालीं लोहमार्ग कसाऱ्यास पोंचल्यावर आगगाडीनें मुंबईकडे जात राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तर अशा रानांतील कोळशाला एक नवेंच गिऱ्हाईक मिळालें. तें गिऱ्हाईक म्हणजे मोटार.

सध्यां मोटारींच्या इंधनाची चर्चा पुन्हां जोरांत आहे. पेट्रोल व डिझेल यांच्या ऐवजीं हायड्रोजन, म्हणजे जुन्या मराठी शास्त्रीय पुस्तकांतील उज्जवायु, वापरावा. तो जळाला म्हणजे त्यापासून नुसतें पाणी होतें, असें सांगितलें जातें, व तें खरेंही आहे. मात्र या चर्चेंत बहुधा इंजिनाचाच विचार होतो. गाडी किती धांवेल, टांकी केवढी लागेल, किंमत काय पडेल, हे प्रश्न सर्वजण विचारतात. इंधन कोठें तयार होणार आणि तें तयार करणाऱ्या माणसाच्या पदरीं काय पडणार, हा प्रश्न मागें राहतो. पेट्रोलला पर्याय शोधण्याची पाळी या देशावर पूर्वींही एकदां आली होती आणि त्या वेळीं तो पर्याय शहापूर-मुरबाडसारख्या रानमुलखांतच तयार होत होता. ती हकीकत आजच्या बहुतेक वाचकांस अपरिचित असेल.

उज्जवायूचें ज्ञान तसें जुनें आहे. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञानें १७६६ सालीं, धातूवर अम्ल टाकलें असतां निघणाऱ्या या ज्वालाग्राही वायूचे गुणधर्म तपासून प्रसिद्ध केले, आणि तो जळला म्हणजे त्याचें पाणी होतें हेंही पुढें प्रयोगानें दाखविलें. फ्रान्सच्या लाव्हाझियेनें त्यास ‘पाणी उत्पन्न करणारा’ या अर्थाचें ग्रीक नांव दिलें. तेंच आजचें हायड्रोजन. सर्व वायूंत हा हलका, म्हणून १७८३ च्या ऑगस्ट महिन्यांत पॅरिस शहरीं शार्ल नांवाच्या शास्त्रज्ञानें त्यानें भरलेला फुगा आकाशांत सोडला. तो कांहीं कोसांवर गोनेस गांवाच्या शिवारांत उतरला, तेव्हां कोणी राक्षसच आला अशा समजुतीनें शेतकऱ्यांनीं त्याला दांताळ्यांनीं फाडून टाकलें! त्या बिचाऱ्यांना हंसण्याचें कारण नाहीं; शहरांतून निघून खेड्यांत येऊन पडणाऱ्या नव्या वस्तूविषयीं खेडुतांना वाटणारा संशय प्रत्येक वेळीं खोटाच ठरतो असें नाहीं.

या वायूवर गाडी चालविण्याची कल्पनाही पेट्रोलहून जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील ईझाक द रिवाझ यानें १८०७ सालीं उज्जवायूच्या स्फोटावर चालणाऱ्या इंजिनाचें पेटंट घेतलें. १८६० सालीं पॅरिसमध्यें लेन्वार यानें दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवर चालणारें इंजिन तयार केलें. याच जातीचा वायु १८६५ सालीं मुंबईच्या रस्त्यांवर दिव्यांच्या खांबांत जळूं लागला, आणि त्यांतील जवळजवळ निम्मा भाग उज्जवायूचाच होता. तेव्हां हा वायु आपल्याकडे अगदीं नवा पाहुणा आहे असें नव्हे. आपल्या पणजोबांनीं त्याच्या उजेडांत रस्ते ओलांडले आहेत.

मग पेट्रोल पुढें कसें गेलें? कारण साधें आहे. एक किलो उज्जवायूंत जवळजवळ तीन किलो पेट्रोलची उष्णता असते हें खरें. पण नेहमींच्या दाबाखालीं तो एक किलो वायु ठेवण्यास अकरा-बारा हजार लिटर जागा लागते, म्हणजे एक लहानशी खोली भरून जाते. तेवढीच उष्णता देणारें पेट्रोल चार लिटरांच्या डब्यांत मावतें. जें डब्यांत भरून कोठेंही नेतां येतें, ओतलें कीं कामाला लागतें, आणि भावही परवडतो, तें सोडून खोलीएवढा फुगा गाडीवर कोण बांधणार? पेट्रोल मिळत होतें तोंपर्यंत हा प्रश्न कोणी विचारलाच नाहीं.

तें मिळेनासें झालें तें युद्धामुळें. १९३९ सालीं युरोपांत लढाई पेटली. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलवर नियंत्रण येऊन कूपनें सुरू झालीं, आणि १९४२ च्या मार्च महिन्यांत रंगून जपान्यांच्या हातीं पडलें. ब्रह्मदेशांतून येणाऱ्या खनिज तेलावर या देशाची मोठी मदार होती. तेथील येनानजाऊंगच्या तेलविहिरी शत्रूच्या हातीं लागूं नयेत म्हणून माघार घेणाऱ्या इंग्रज सैन्यानें स्वतःच उध्वस्त केल्या. आसामांतील दिगबोई आणि पंजाबांतील अटकेकडच्या विहिरी यांचें तेल तें किती! इराणच्या आखातांतून येई त्यावर पहिला हक्क सैन्याचा. खाजगी मोटारी घरोघर लांकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवण्यांत आल्या. परंतु खेड्यापाड्यांस जोडणाऱ्या सर्व्हिस मोटारी आणि मालाचे ट्रक उभे करून चालण्यासारखें नव्हतें.

हीच अडचण तेव्हां जगांत ठिकठिकाणीं होती. १९४१ च्या हिंवाळ्यांत वेढ्यांत सांपडलेल्या लेनिनग्राड शहरावर शत्रूचीं विमानें अडविण्यासाठीं उज्जवायूचे मोठे फुगे तरंगत ठेवले होते. ते वरखालीं करणारीं यंत्रें मोटारींच्या इंजिनांवर चालत आणि इंजिनांना पेट्रोल नव्हतें. बोरिस शेलिश्च या तरुण अधिकाऱ्यानें फुग्यांतला शिळा झालेला वायु, जो एरव्हीं हवेंत सोडून देत, तोच इंजिनाला पाजला. पहिल्या प्रयत्नांत स्फोट झाला. मग त्यानें वाटेंत पाण्याचा अडसर बसविला आणि इंजिनें चालूं लागलीं. पण एवढा उज्जवायु फुकट हातीं असण्याचें भाग्य इतर कोणास नव्हतें. इतरांनीं जवळ जें होतें तेंच जाळलें, आणि जवळ होतें लांकूड. आल्सेसमधील झॉर्झ आँबेर यानें १९२० नंतरच्या दशकांत लांकडापासून वायु करणारी भट्टी सुधारली होती. युद्ध संपेपर्यंत एकट्या जर्मनींत अशा भट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांची संख्या पांच लाखांच्या घरांत गेली, आणि स्वीडनसारख्या लहान, तटस्थ देशांतही ती सत्तर हजारांच्या वर होती. हिंदुस्थानांत लांकडाऐवजीं लांकडी कोळसा पत्करला गेला, कारण त्यांत डांबर कमी असतें आणि इंजिन लवकर बिघडत नाहीं.

ज्यांनीं ती मोटार पाहिली त्यांना ती विसरणें कठीण होतें. गाडीच्या मागें किंवा बाजूस माणसाच्या उंचीची एक लोखंडी नळकांडी भट्टी बसविलेली असे. तींत वरून कोळसा ओतावयाचा, झांकण घट्ट आवळावयाचें, आणि खालच्या तोंडाशीं विस्तव धरून हातानें फिरविण्याचा पंखा चालवावयाचा. हें काम क्लीनरचें. दहा-पंधरा मिनिटें तो पंखा फिरवी, घामाघूम होई, मधून मधून नळीच्या तोंडाशीं काडी ओढून वायु पेटतो कीं नाहीं तें पाही, आणि निळसर ज्योत दिसली म्हणजे ड्रायव्हरला हांक देई. एकदां इंजिन सुरू झालें कीं तें स्वतःच्या ओढीनें भट्टींतून वायु खेंचून घेई.

आंत काय घडत असे तें पाहण्यासारखें आहे. कोळशाला पुरेशी हवा मिळाली तर तो साफ जळून राख होते. येथें हवा मुद्दाम तोकडी ठेवलेली असे. खालच्या थरांत जो कर्बद्विप्राणिद वायु उत्पन्न होई तो वरच्या लालभडक निखाऱ्यांतून जातांना आपला अर्धा प्राणवायु कोळशाला देऊन टाकी, आणि त्याचा कर्ब-एकप्राणिद होई. हा वायु जळतो, म्हणून इंजिनाला उपयोगी. आणि हा अत्यंत विषारीही आहे, म्हणून बंद गॅरेजमध्यें भट्टी पेटविणें म्हणजे जिवाशीं खेळ. हवेंत जी थोडी पाण्याची वाफ असे, किंवा कांहीं भट्ट्यांत मुद्दाम थेंब थेंब पाणी सोडीत, त्या पाण्याचें निखाऱ्यावर पृथक्करण होऊन त्यांतून उज्जवायु मोकळा होई. अशा रीतीनें निघालेल्या वायूच्या शंभर भागांत सुमारें तीस भाग कर्ब-एकप्राणिद, पांच-दहा भाग उज्जवायु आणि पन्नासांहून अधिक भाग निव्वळ नत्रवायूचे असत. म्हणजे पाण्यापासून काढलेल्या उज्जवायूवर मोटार चालविण्याचा प्रयोग, थोडाबहुत कां होईना, आपल्या रस्त्यांवर त्या वेळींच होऊन गेला होता. क्लीनरला तें ठाऊक नव्हतें इतकेंच.

निम्म्याहून अधिक निरुपयोगी नत्रवायु पोटांत घेणाऱ्या इंजिनाची शक्ति घटणारच. पेट्रोलवरच्या शक्तीच्या तुलनेनें ती तिसऱ्या हिश्श्यानें, कधीं निम्म्यानेंही कमी भरे. सपाटीवर तें खपून जाई. पण मुंबई-आग्रा रस्त्यानें शहापूर, खर्डी मागें टाकून थळघाटाच्या पायथ्याशीं आलें म्हणजे अशा इंजिनाची खरी परीक्षा होई. त्यांतून वायु थंड करणाऱ्या नळ्या, तो गाळणारे काथ्याचे व कापडाचे गाळणे, रोज काढावी लागणारी राख, आणि काजळीनें बुजणारे झडपांचे मार्ग! पेट्रोलच्या एका गॅलनाचें काम करण्यास सुमारें तेरा-चौदा पौंड कोळसा लागे. हें गणित पुष्कळांनीं त्या वेळींही केलें असेल. मोटारमालकाच्या दृष्टीनें तें तेथेंच संपतें.

रानाच्या दृष्टीनें मात्र तें तेथें सुरू होतें. मातीनें झांकलेल्या देशी भट्टींत एक शेर कोळसा पाडण्यास पांच-सहा शेर लांकूड जाळावें लागतें. म्हणजे एका गॅलन पेट्रोलची जागा घेणाऱ्या त्या तेरा-चौदा पौंड कोळशामागें सत्तर-ऐशीं पौंड लांकूड, जवळजवळ चाळीस शेरांचा एक मण. दहा मैलांना एक गॅलन असा हिशेब धरला तर शंभर मैलांच्या एका फेरीस दहा मण लांकूड लागलें. ऐन, धावडा, खैर अशा जातींचें कठीण लांकूड कोळशाला चांगलें. तें वाढावयास वर्षें लागतात आणि एका दुपारीं तें तोडून होतें. युद्धाच्या वर्षांत लांकडाची तोड एकट्या मोटारींसाठीं झाली असें नव्हे. पूल, लष्करी छावण्या, रेल्वेच्या पट्ट्या यांसाठींही रानें मोठ्या प्रमाणावर तुटलीं. त्यांत मोटारीची भर पडली.

हा कोळसा पाडी कोण? ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील कातकरी. त्यांचें नांवच मुळीं एका जंगलधंद्यावरून पडलेलें आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून त्यांचा काथ करणारे ते कातकरी. १८७८ सालचा जंगल कायदा झाला, रानें राखीव झालीं, आणि खैराला हात लावणें हा गुन्हा ठरला. ठाणें जिल्ह्यांत तर राबासाठीं फांद्या तोडण्याच्या शेतकऱ्यांच्या हक्कावरूनही एवढी ओरड झाली कीं १८८५ सालीं सरकारला ठाणें व कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलविषयक तक्रारींसाठीं एक कमिशन नेमावें लागलें. भातशेती करणाऱ्या कुणब्यांच्या व जमीनदारांच्या तक्रारी कमिशनपुढें मांडण्यास लिहिणारे-वाचणारे लोक पुढें आले. कातकऱ्याजवळ शेत नव्हतें, राब नव्हता, अर्ज लिहून देणाराही नव्हता. काथ गेला, त्याच्या हातीं कुऱ्हाड राहिली. ठेकेदाराच्या कुपांत लांकूड तोडणें आणि त्याच्या भट्टीवर कोळसा पाडणें, हाच धंदा झाला.

कोळशाची भट्टी हें सोपें काम आहे असें पाहणाऱ्यास वाटतें. लांकडाचे सारख्या मापाचे तुकडे करून ते रचावयाचे, त्यावर पाला-गवत आणि वर ओली माती लिंपावयाची, खालीं हवेला छिद्रें ठेवावयाचीं, आणि आग द्यावयाची. कौशल्य पुढें आहे. प्रथम पांढरा दाट धूर निघतो, तें लांकडांतलें पाणी. मग तो पिवळट, कडवट होतो. आणि शेवटीं पातळ निळा धूर दिसूं लागला म्हणजे कोळसा झाला असें समजून छिद्रें बुजवावीं लागतात. एक छिद्र अधिक वेळ उघडें राहिलें किंवा मातीला तडा गेला कीं आंत हवा शिरते आणि आठ दिवसांच्या श्रमाची राख होते. म्हणून रात्रंदिवस पाळी. आळीपाळीनें नवरा-बायको भट्टीशीं जागतात, तडा दिसला कीं माती घेऊन वर चढतात, आणि वरचें आवरण खचलें तर पाय थेट विस्तवांत जातो. भट्टी विझवून थंड होण्यास आणखी कांहीं दिवस लागतात. या धंद्यांत धुराचा रंग ओळखणाऱ्या डोळ्यांची किंमत कोणत्याही मिस्त्रीच्या ज्ञानाहून कमी नाहीं. तिचे पैसे मात्र कधीं मिळाले नाहींत.

पैशाची रीत अशी होती. पावसाळा संपतां संपतां, घरांत दाणा नसतांना, ठेकेदाराचा माणूस वाडीवर येऊन उचल देई. भाताची कापणी आटोपली कीं कुटुंबेंच्या कुटुंबें, मुलाबाळांसह, त्याच्या रानांत जात आणि फांद्यांचीं खोपटीं घालून पावसाळ्यापर्यंत तेथेंच राहत. मधल्या काळांतील धान्य, मीठ, तंबाखू ठेकेदाराच्याच नांवें वहींत चढे. हंगामाच्या शेवटीं हिशेब होई तो ठेकेदाराच्या लेखणीनें, आणि बहुधा कातकऱ्याकडेच कांहीं बाकी निघे. ती फेडण्यास पुढच्या वर्षीं पुन्हां तीच भट्टी. मुंबई सरकारच्या आज्ञेवरून डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्यानें इलाख्यांतील आदिवासींची पाहणी करून १९३८ सालीं जो अहवाल दिला, त्यांत सावकार, जमीनदार व जंगलचे ठेकेदार यांच्याकडून ठाण्याच्या रानांत होणारी पिळवणूक आणि वेठ यांचें वर्णन स्पष्ट शब्दांत आहे. अहवाल छापून झाला आणि युद्ध सुरू झालें. ज्या धंद्यांतील मजुराची दैना सरकारदप्तरीं नुकतीच नोंदली गेली होती, त्याच धंद्याच्या मालाला युद्धानें मागणी आणली. कोळशाचा भाव चढला. चढलेला भाव भट्टीपर्यंत उतरला नाहीं.

याचें उत्तर रानांतूनच आलें. १९४५ च्या जानेवारींत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. आणि त्याच वर्षीं उंबरगांव-डहाणूकडे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठीविरुद्ध व गवतकापणीच्या आणि जंगलकामाच्या मजुरीसाठीं जो लढा दिला तो प्रसिद्धच आहे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानें १९४७ च्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्थापण्यास आरंभ केला. ठेकेदाराला वगळून कूप थेट मजुरांच्या संस्थेला द्यावें, ही कल्पना उत्तम होती आणि ठाणें जिल्ह्यांत ती बरीच वर्षें चालली. मात्र संस्थेचा सभासद होण्यास गांव लागतें, ठिकाण लागतें; वर्षांतले सात-आठ महिने भट्टीबरोबर हिंडणाऱ्या कातकऱ्याला तिचा लाभ इतरांच्या मानानें कमीच झाला.

युद्ध संपल्यावर पेट्रोल पुन्हां मिळूं लागलें आणि मोटारींच्या पाठीवरच्या त्या भट्ट्या भंगारांत गेल्या. एकाही मोटारमालकास त्याचें दुःख झालें नसेल. इंजिनाच्या इतिहासांत हें प्रकरण चार-पांच वर्षांचें, आणि पुस्तकांत त्यास मिळते ती चार ओळींची जागा. कातकऱ्याची भट्टी मात्र विझली नाहीं. तिचा माल हॉटेलांच्या तंदूरांत व लोहारांच्या भात्यांत जाऊं लागला. आपल्याकडचें रान आटलें तसा कातकरी घाट चढून पुणें, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत बाभळीचा कोळसा पाडावयास जाऊं लागला. जे गेले नाहींत ते भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर लागले. उचलीची रीत सुटली नाहीं. वेठबिगार १९७६ च्या कायद्यानें बंद झाली. तरीही उचलीपायीं अडकून पडलेल्या कुटुंबांची सुटका केल्याच्या बातम्या अजून अधूनमधून वाचावयास मिळतात.

आतां पुन्हां उज्जवायूकडे वळूं. पुण्यांत केपीआयटी या कंपनीनें राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेसारख्या सरकारी संशोधनसंस्थांच्या साह्यानें उज्जवायूवर चालणारी बस तयार केली आणि ती २०२२ च्या ऑगस्टमध्यें लोकांपुढें आली. या बसमध्यें वायु जळत नाहीं. तो एका घटांत हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतो, त्यांतून वीज निघते व विजेवर चाकें फिरतात. मागें निघतें तें पाणी. खोलीएवढ्या जागेची जुनी अडचण हवेच्या साडेतीनशें किंवा सातशें पट दाबानें वायु टांक्यांत कोंबून सोडविली जाते. पुढच्याच वर्षीं, २०२३ च्या जानेवारींत, केंद्र सरकारनें राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. २०३० सालापर्यंत दरसाल ५० लाख टन वायु तयार करण्याचें तिचें उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र सरकारनेंही त्याच वर्षीं आपलें स्वतंत्र धोरण जाहीर केलें.

‘हरित’ या विशेषणाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. आज देशांत जो उज्जवायु होतो तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून, आणि खपतो खतांच्या व तेलशुद्धीच्या कारखान्यांत. ट्रॉम्बेचा खतकारखाना १९६५ पासून अमोनियासाठीं तो करीत आला आहे. त्यांत धूर गाडीच्या मागें निघत नाहीं, कारखान्याच्या धुराड्यांतून निघतो. हरित वायु तो, जो सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेनें पाण्याचें पृथक्करण करून काढला जातो. १९२३ सालीं केंब्रिज येथें जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं नेमकी हीच कल्पना मांडली होती: पवनचक्क्यांच्या विजेनें पाणी फोडावें आणि वायु द्रवरूप करून जमिनीखालीं सांठवावा. हे हॉल्डेन पुढें भारताचे नागरिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. त्यांची कल्पना शंभर वर्षें थांबली ती विजेच्या किंमतीमुळें.

तेव्हां या इंधनाला लागतें पाणी आणि वीज. एक किलो वायूस नऊ लिटर शुद्ध पाणी, आणि शुद्धीकरण व यंत्रें थंड ठेवणें धरून त्याच्या दुप्पट-तिप्पट. ५० लाख टनांना नुसत्या पृथक्करणासाठीं दररोज सव्वाबारा कोटी लिटरांच्या आसपास पाणी पडेल. मुंबईला रोज मिळणारें पाणी चारशें कोटी लिटरांच्या जवळपास आहे. म्हणजे साऱ्या देशाच्या या इंधनास लागणारें पाणी एकट्या मुंबईच्या पाण्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकें. मोटारी आपलें पाणी पिऊन टाकतील ही भीति, एकूण आंकडा पाहतां, अवास्तव आहे. पण पाणी एकूण आंकड्यांत मिळत नसतें. ज्या शहापूर तालुक्यांत तानसा, वैतरणा व भातसा यांचीं धरणें आहेत, त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरनें पाणी पुरवावें लागतें. मुंबईच्या नळांच्या कडेनें चालत जाऊन बाया दूरच्या विहिरीवरून हंडे आणतात. तेथें तिसाव्या हिश्श्याच्या गणिताचा उपयोग नाहीं.

विजेचा आंकडा मात्र एकूणही मोठा आहे. किलोमागें पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. मोहिमेच्या उद्दिष्टासाठीं सुमारें सव्वा लाख मेगावॉट नवी सौर व पवन वीज उभी करावी लागेल असा सरकारचाच अंदाज आहे. सौर विजेस दर मेगावॉटमागें चार-पांच एकर जमीन लागते. ही जमीन बहुधा माळ, वरकस, गायरान अशीच निवडली जाते, कारण ती कागदावर रिकामी दिसते.

कागदावर रिकाम्या दिसणाऱ्या अशाच जमिनींवर कातकऱ्यांच्या पुष्कळ वाड्या वसल्या आहेत. शहापूर व मुरबाड तालुक्यांतही खाजगी मालकीच्या किंवा वनखात्याच्या जागेवर पिढ्यान् पिढ्या उभीं असलेलीं घरें आहेत, ज्यांच्या खालची जमीन राहणाऱ्याच्या नांवावर नाहीं. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें वनजमिनीवरील ताबा दाखवून हक्क मागण्याची सोय झाली. कित्येकांना त्याप्रमाणें पट्टे मिळाले. कित्येकांचे दावे कागदपत्रांच्या अभावीं फेटाळले गेले. ताबा सिद्ध करण्यास पुरावा लागतो, आणि दिवाळीनंतर भट्टीवर गेलेलें कुटुंब पाहणीच्या दिवशीं घरीं सांपडत नाहीं.